वारबुर्ग इन्स्टिट्यूट

वारबुर्ग इन्स्टिट्यूट ही लंडन विद्यापीठाची संशोधन संस्था असून प्रतिमा, वस्तू, ग्रंथ आणि विधी यांच्या साहाय्याने संस्कृतीचा इतिहास अभ्यासणे हे तिचे कार्य आहे. जर्मन कलेतिहासकार आबी वारबुर्ग (१८६६–१९२९) यांनी हॅम्बुर्ग येथे जमवलेल्या खासगी ग्रंथसंग्रहातून ती उभी राहिली. नाझी सत्तेवर आल्यानंतर १९३३ मध्ये हा संग्रह आणि त्याभोवतीचे विद्वान लंडनला आले. १९४४ मध्ये संस्था लंडन विद्यापीठात विलीन झाली. मध्य लंडनमधील ब्लूम्सबरी भागात वोबर्न चौकात १९५८ पासून तिची स्वतंत्र इमारत आहे. साडेतीन लाखांहून अधिक ग्रंथांचे खुले ग्रंथालय, सुमारे चार लाख छायाचित्रांचा विषयवार संग्रह आणि संस्थापकाच्या कागदपत्रांचे दप्तर ही तिची तीन प्रमुख साधने आहेत.

दृश्य व भौतिक संस्कृतीचा अभ्यास आज जगातील अनेक विद्यापीठांत चालतो. वारबुर्ग इन्स्टिट्यूटचे वेगळेपण असे, की येथे अभ्यासाची पद्धत कोणत्याही सिद्धान्तग्रंथात मांडलेली नसून ती मुख्यतः पुस्तकांच्या मांडणीत आहे. स्वतः वारबुर्ग यांनी तुलनेने थोडेच प्रकाशित केले. त्यामुळे संग्रह एकत्र, त्याच क्रमाने आणि वाचकांना खुला राहणे हा संस्थेच्या दृष्टीने केवळ सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. तिच्या इतिहासातील दोन मोठे प्रसंग, १९३३ चे स्थलांतर आणि २०१४ चा न्यायालयीन वाद, याच प्रश्नाभोवती घडले.

संस्थापक

आबी वारबुर्ग यांचा जन्म १३ जून १८६६ रोजी हॅम्बुर्गमधील एका श्रीमंत ज्यू सावकारी घराण्यात झाला. ते थोरले पुत्र असल्याने पेढीचा वारसा त्यांच्याकडे येणार होता. तेरा वर्षांच्या आबींनी हा हक्क धाकटा भाऊ माक्स याला देऊ केला आणि मोबदल्यात आयुष्यभर लागतील ती सर्व पुस्तके त्याने विकत घेऊन द्यावीत अशी अट घातली, अशी आठवण कुटुंबात सांगितली जाई. माक्सने ती अट मान्य केली. हा सौदा आपल्याला केवढ्याला पडणार याची कल्पना त्याला अर्थातच नव्हती; पण पुढे माक्स आणि अन्य भावांनी ग्रंथालयाचा खर्च खरोखरच उचलला.

सान्द्रो बोत्तिचेल्ली यांच्या ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’ या चित्रांवरील त्यांचा प्रबंध १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रांतील स्त्रियांचे वाऱ्यावर उडणारे केस आणि वस्त्रांच्या लाटा यांकडे त्यांनी लक्ष वेधले. पंधराव्या शतकातील चित्रकाराला प्राचीन ग्रीक-रोमन कलेतून शांत, स्थिर सौंदर्य हवे होते, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. वारबुर्ग यांनी दाखवले, की चित्रकार प्राचीनांकडून गती आणि भावनेचा आवेगही उचलत होते. आवेग व्यक्त करणाऱ्या अशा ठरावीक शारीरिक आविर्भावांसाठी त्यांनी पुढे एक संज्ञा घडवली. मराठीत तिला ‘भावाकृती’ म्हणता येईल. असे आविर्भाव शतकानुशतके सुप्त राहून नव्या संदर्भात, कधी अगदी उलट अर्थाने, पुन्हा प्रकट होतात, असे त्यांचे मत होते. प्राचीनतेच्या या ‘उत्तरायुष्या’चा शोध हा त्यांच्या पुढील सर्व कार्याचा विषय ठरला.

वारबुर्ग यांची साधनसामग्री त्या काळच्या कलेतिहासाच्या मानाने विलक्षण होती. श्रेष्ठ चित्रांबरोबर ते फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांची मृत्युपत्रे, हिशेब, विणलेले भित्तिपट, मिरवणुकींतील वेशभूषा, पंचांगे आणि टपाल तिकिटे वाचत. फ्लॉरेन्समधील सान्तिस्सिमा आनुन्झियाता या चर्चमध्ये श्रीमंत नागरिक स्वतःच्या पूर्णाकृती मेणाच्या प्रतिमा नवसापोटी अर्पण करीत. त्यांना खऱ्या कपड्यांनी सजवले जाई. व्यक्तिचित्रणाच्या कलेचा उगम समजून घ्यायचा तर या नवसाच्या प्रतिमांकडे पाहिले पाहिजे, असे वारबुर्ग यांनी १९०२ मध्ये मांडले. कलाकृती आणि वापरातील वस्तू यांच्यामधील भिंत न मानणे हा दृष्टिकोन आज भौतिक संस्कृतीच्या अभ्यासात रुळला आहे. त्या वेळी तो विक्षिप्तपणा वाटत असे.

भावाच्या विवाहानिमित्त १८९५ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि तेथून १८९६ मध्ये न्यू मेक्सिको व ॲरिझोना येथील प्वेब्लो आणि होपी लोकांच्या वस्त्यांत राहिले. तेथे जमवलेल्या वस्तू त्यांनी हॅम्बुर्गच्या मानववंश संग्रहालयाला दिल्या. या प्रवासाचा उपयोग त्यांना सत्तावीस वर्षांनंतर एका अनपेक्षित ठिकाणी झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, त्यांचे मानसिक संतुलन ढळले आणि १९२४ पर्यंतचा बहुतेक काळ त्यांना रुग्णालयांत काढावा लागला. स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्स्लिंगेन येथे लुडविग बिन्स्वांगर यांच्या उपचारांखाली असताना, आपण पुन्हा अभ्यास करण्यास समर्थ आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी २१ एप्रिल १९२३ रोजी रुग्ण व डॉक्टर यांच्यासमोर होपींच्या सर्पविधीवर व्याख्यान दिले. ज्या सर्पनृत्यावर हे व्याख्यान केंद्रित होते ते त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. त्यांनी पाहिले होते ते दुसरे नृत्य. स्वतः ते या मजकुराविषयी असमाधानी होते आणि तो छापू नये अशी त्यांची इच्छा होती. तरीही १९३९ मध्ये तो संस्थेच्या नियतकालिकात इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि आज त्यांच्या लेखनापैकी सर्वाधिक वाचला जाणारा भाग बहुधा तोच आहे.

उज्जैन ते फेरारा: एका प्रतिमेचा प्रवास

संस्थेची संशोधनपद्धती समजण्यासाठी वारबुर्ग यांचे १९१२ मधील रोम येथील व्याख्यान हे सर्वांत उपयुक्त उदाहरण आहे. आंतरराष्ट्रीय कलेतिहास परिषदेत दिलेल्या या व्याख्यानाचा विषय इटलीतील फेरारा नगरातील स्किफानोया प्रासादाची भित्तिचित्रे हा होता. फेराराचा अधिपती बोर्सो देस्ते याच्यासाठी ही चित्रे १४६९–७० च्या सुमारास रंगवली गेली. फ्रान्चेस्को देल कोस्सा हा त्यांतील एक प्रमुख चित्रकार. आपल्याला सामान्य मदतनिसाच्या दराने, पायामागे ठरावीक पैसे या मापाने, मोबदला दिल्याची तक्रार करणारे त्याचे १४७० मधील पत्र उपलब्ध आहे.

दालनात वर्षातील प्रत्येक महिन्यासाठी एक याप्रमाणे चित्रे असून प्रत्येकाचे तीन पट्टे आहेत. सर्वांत वर रथारूढ ग्रीक-रोमन देवता, सर्वांत खाली बोर्सोच्या दरबारातील दिनक्रम. मधल्या पट्ट्यात राशीचे चिन्ह आणि गडद निळ्या पार्श्वभूमीवर तीन विचित्र आकृती. या आकृती कोण, हे कोणालाही सांगता येत नव्हते. मार्च महिन्याच्या, म्हणजे मेष राशीच्या चित्रातील पहिली आकृती एका काळ्या, रागीट पुरुषाची आहे. त्याचे पांढरे फाटके वस्त्र कमरेला दोराने बांधलेले आहे.

प्रत्येक राशीचे दहा अंशांचे तीन भाग करण्याची पद्धत प्राचीन असून अशा छत्तीस भागांना स्वतंत्र देवता मानल्या जात. भारतीय ज्योतिषात या भागाला द्रेष्काण किंवा द्रेक्काण म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक ‘डेकानोस’वरून आला आहे. सहाव्या शतकात अवंती प्रदेशात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ या ग्रंथात छत्तीस द्रेष्काणांची रूपे वर्णिली आहेत. मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचा पुरुष तेथे काळा, लाल डोळ्यांचा, उग्र, कमरेस पांढरे वस्त्र गुंडाळलेला आणि हाती परशू उगारलेला असा आहे. बगदादमध्ये कार्य करणारा नवव्या शतकातील ज्योतिषी अबू माशर याने भारतीयांचे मत म्हणून ही रूपे आपल्या ज्योतिषप्रवेशाच्या ग्रंथात दिली. त्याच्या वर्णनात परशू गळला आणि वस्त्र दोराने बांधलेले झाले. हा ग्रंथ हिब्रू, फ्रेंच आणि लॅटिन अनुवादांच्या वाटेने मध्ययुगीन युरोपात पोहोचला आणि अखेरीस दरबारी विद्वान पेल्लेग्रिनो प्रिशानी याच्या मार्गदर्शनाखाली फेराराच्या भिंतीवर चढला. वारबुर्ग यांच्या मते भारतात येण्यापूर्वी या आकृतींचे मूळ ग्रीक आकाशचित्रांत होते. म्हणजे वरच्या पट्ट्यातील देव जितके ग्रीक, तितकाच हा अनोळखी पुरुषही. फक्त त्याने वाटेत अनेक देशांचे कपडे अंगावर चढवले होते.

या मांडणीने दोन गोष्टी साधल्या. कलेतिहासाची हद्द युरोपच्या सीमेवर आणि ‘उच्च’ कलेवर संपत नाही हे एका ठोस उदाहरणाने सिद्ध झाले. शिवाय चित्राचा अर्थ लावण्यासाठी ज्योतिषाची पोथी, अनुवादाचा इतिहास आणि दरबाराचा पत्रव्यवहार एकत्र वाचावा लागतो हेही दिसून आले. तपशिलांत मात्र पुढे दुरुस्त्या झाल्या. अमेरिकन संस्कृतज्ञ डेव्हिड पिंग्री यांनी १९६३ मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात द्रेष्काण व होरा यांच्या भारतीय प्रतिमांवर सविस्तर लेख लिहिला. त्यांनी ‘यवनजातक’ या स्फुजिध्वजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संस्कृत ग्रंथाचा आधार घेऊन भारतीय परंपरेचा वाटा अधिक नेमकेपणाने मांडला. संस्थापकाचे प्रतिपादन संस्थेच्याच पानांवर तपासले जाणे ही या परंपरेतील चांगली खूण मानावी लागेल.

ग्रंथालय आणि त्याची मांडणी

वारबुर्ग यांच्या आजारपणात ग्रंथालयाची जबाबदारी व्हिएन्नाहून आलेल्या फ्रिट्स झाक्स्ल (१८९०–१९४८) यांच्यावर पडली. १९१९ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठ स्थापन झाले होते. झाक्स्ल यांनी खासगी संग्रह विद्यापीठातील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना खुला केला, व्याख्यानमाला सुरू केली आणि त्यांचे प्रकाशन केले. तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरर, कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की आणि त्यांचे विद्यार्थी येथे नित्य येऊ लागले. १९२२ मध्ये तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक गेर्ट्रूड बिंग (१८९२–१९६४) ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या. वारबुर्ग घरी परतले तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या खोल्यांतून एक संशोधक समुदाय तयार झालेला होता. त्यांच्या घराशेजारी ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत १९२६ मध्ये उघडली. तिचे वाचनालय लंबवर्तुळाकार होते आणि दारावर स्मृतीची ग्रीक देवता निमोसिनी हिचे नाव कोरलेले होते.

मांडणीचे तत्त्व ‘चांगला शेजार’ या नावाने ओळखले जाते. वाचक ज्या पुस्तकासाठी येतो ते त्याला माहीत असते. पण त्याला खरोखर हवे असते ते बहुधा शेजारचे, अजून न कळलेले पुस्तक. म्हणून ग्रंथ लेखकाच्या नावाने, आकाराने किंवा दाखल-क्रमांकाने न लावता प्रश्नांच्या अनुरोधाने लावलेले असतात. फलज्योतिषाशेजारी खगोलशास्त्र, जादूटोण्याशेजारी वैद्यक, सणांच्या मिरवणुकींशेजारी नाटकाचा इतिहास अशी ही रचना आहे. अंधश्रद्धा आणि विज्ञान वेगळ्या मजल्यांवर ठेवणाऱ्या ग्रंथालयात स्किफानोयाचे कोडे सुटले नसते. वारबुर्ग स्वतः हा क्रम सतत बदलत असत. नवीन विचार सुचला की पुस्तके हलत. ग्रंथालयात काम करणाऱ्यांना ते किती त्रासाचे होत असेल याची कल्पना करता येते. झाक्स्ल आणि बिंग यांनी या चळवळ्या क्रमाला स्थिर वर्गीकरणाचे रूप दिले. पुस्तकांच्या कण्यावर रंगीत पट्ट्या लावून विषय दर्शवण्याची पद्धत हॅम्बुर्गमध्ये वापरली जाई.

लंडनच्या इमारतीत संग्रहाचे चार विभाग चार मजल्यांवर आहेत: प्रतिमा, शब्द, दिशाबोध आणि कृती. ‘प्रतिमा’ विभागात कला व पुरातत्त्व, ‘शब्द’ विभागात भाषा, साहित्य आणि प्राचीन ग्रंथांच्या जतनाचा इतिहास येतो. माणसाने विश्वात आपले स्थान शोधण्यासाठी वापरलेली सर्व साधने, म्हणजे धर्म, जादू, विज्ञान आणि तत्त्वज्ञान, ‘दिशाबोधा’त मोडतात. ‘कृती’त राजकीय-सामाजिक इतिहास, सण आणि विधी आहेत. वाचक स्वतः मांडण्यांमधून फिरून पुस्तके काढतो. एवढ्या मोठ्या आणि दुर्मीळ संग्रहाबाबत अशी मोकळीक आजही विरळाच म्हणावी लागेल.

छायाचित्रसंग्रहाची रचनाही विषयानुसार आहे. चित्रकाराच्या नावाने शोधणाऱ्याची येथे निराशा होते. एखाद्या पुराणकथेचा, विधीचा किंवा ग्रहदेवतेचा प्रसंग शोधणाऱ्याला मात्र नाण्यापासून हस्तलिखितापर्यंत आणि संगमरवरी शवपेटीपासून थाळीपर्यंत त्या प्रसंगाची सर्व रूपे एका फोल्डरमध्ये मिळतात.

‘निमोसिनी’ चित्रसंच

जीवनाच्या अखेरच्या वर्षांत वारबुर्ग ‘निमोसिनी’ नावाच्या चित्रसंचावर काम करीत होते. काळ्या कापडाने मढवलेल्या मोठ्या फलकांवर छायाचित्रे टाचणीने लावून, सतत त्यांची जागा बदलून, त्यांना भावाकृतींचा प्रवास जवळजवळ शब्दांवाचून दाखवायचा होता. २६ ऑक्टोबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा संच अपूर्ण होता. त्याच्या शेवटच्या अवस्थेत ६३ फलक आणि ९७१ प्रतिमा होत्या. प्राचीन शिल्पे आणि प्रबोधनकालीन चित्रे यांच्याशेजारी त्यात टपाल तिकिटे, जाहिराती, गोल्फ खेळणाऱ्या स्त्रीचे वृत्तपत्रीय छायाचित्रही आहे. मूळ फलक टिकले नाहीत. त्यांची कृष्णधवल छायाचित्रे तेवढी उरली आहेत. कलावंत आणि समीक्षक यांच्यात अलीकडच्या दशकांत या संचाचे मोठे आकर्षण निर्माण झाले. त्यामुळे तो जितका स्पष्ट आहे त्यापेक्षा अधिक स्पष्ट असल्यासारखे कधी कधी लिहिले जाते.

लंडनला स्थलांतर

जानेवारी १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील कायद्याने ज्यू अध्यापकांना सरकारी सेवेतून काढण्यास सुरुवात झाली. पानोफ्स्की यांचे पद गेले, कासिरर यांनी जर्मनी सोडली. ज्यू कुटुंबाचे आणि बहुतांशी ज्यू विद्वानांचे हे ग्रंथालय तेथे टिकणे अशक्य होते. निरनिराळ्या देशांतील पर्यायांचा विचार झाल्यानंतर लंडनमध्ये फेरहॅमचे लॉर्ड ली आणि उद्योगपती सॅम्युएल कोर्टोल्ड यांच्या साहाय्याने सोय झाली. संग्रहाचा काही भाग अमेरिकेत स्थायिक झालेल्या भावांच्या मालकीचा असल्याने तो परदेशी हलवण्यास कायदेशीर आधार मिळाला. औपचारिकरीत्या ग्रंथालय तीन वर्षांच्या उसनवारीवर चालले होते.

डिसेंबर १९३३ मध्ये ५३१ खोक्यांत भरलेली सुमारे ६०,००० पुस्तके, छायाचित्रे आणि सामान ‘हर्मिया’ व ‘जेसिका’ या दोन लहान वाफेच्या जहाजांतून हॅम्बुर्ग बंदरातून निघाले. पहिल्या महायुद्धाविषयी वारबुर्ग यांनी जमवलेला संग्रह मागे ठेवावा लागला. ‘उसनवारी’ची मुदत संपल्यावर पुस्तके परत जाण्याचा प्रश्न अर्थातच उरला नाही.

लंडनमधील पहिली वर्षे अस्थिर होती. थेम्स नदीकाठच्या थेम्स हाउसमध्ये आणि १९३७ पासून साउथ केन्सिंग्टनमधील इम्पीरियल इन्स्टिट्यूटच्या वास्तूत संस्थेने तात्पुरता मुक्काम केला. झाक्स्ल, बिंग, एडगर विंड, रुडॉल्फ विटकोवर, ओट्टो कुर्झ आणि १९३६ मध्ये वारबुर्ग यांची कागदपत्रे लावण्यासाठी आलेले तरुण एर्न्स्ट गॉम्ब्रिख यांनी नव्या भाषेत काम सुरू केले. इंग्लंडमध्ये त्या वेळी कलेतिहास म्हणजे प्रामुख्याने चित्राचा कर्ता ओळखणे आणि आस्वाद घेणे असे मानले जाई. विद्यापीठीय विषय म्हणून तो नुकताच उभा राहत होता. १९३७ मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले आणि लवकरच ते कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटबरोबर संयुक्तपणे प्रसिद्ध होऊ लागले. ते आजही चालू आहे. युद्धाने या लहान समुदायाचे नुकसानही केले. ग्रंथपाल हान्स मायर १९४१ मधील हवाई हल्ल्यात मृत्युमुखी पडले. झाक्स्ल, पानोफ्स्की आणि रेमंड क्लिबान्स्की यांच्या ‘शनी आणि विषण्णता’ या ग्रंथाचे जुळवलेले खिळे जर्मनीत युद्धकाळात नष्ट झाले. तो ग्रंथ अखेर १९६४ मध्ये इंग्रजीत निघाला.

विश्वस्तपत्र आणि विद्यापीठ

२८ नोव्हेंबर १९४४ रोजी वारबुर्ग कुटुंबाने विश्वस्तपत्राद्वारे ग्रंथालय लंडन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. विद्यापीठाने ते कायमस्वरूपी सांभाळावे, विद्यापीठाच्या केंद्राजवळ योग्य इमारतीत ठेवावे आणि पुरेशी साधने व कर्मचारी असलेला स्वतंत्र घटक म्हणून चालवावे, असे या दस्तऐवजाचे सार होते. वास्तुविशारद चार्ल्स होल्डन यांच्या आराखड्याप्रमाणे वोबर्न चौकातील इमारत १९५८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या प्रवेशद्वाराच्या आतही निमोसिनीचे नाव आहे.

झाक्स्ल यांच्यानंतर पुरातत्त्वज्ञ हेन्री फ्रँकफर्ट, मग बिंग आणि १९५९ ते १९७६ या काळात गॉम्ब्रिख संचालक होते. गॉम्ब्रिख यांनी प्रतिमा पाहण्याच्या मानसशास्त्रावर ‘कला आणि आभास’ (१९६०) हा ग्रंथ लिहिला, तसेच १९७० मध्ये वारबुर्ग यांचे बौद्धिक चरित्र प्रसिद्ध केले. सामूहिक स्मृतीविषयीच्या वारबुर्ग यांच्या कल्पनांबद्दल ते साशंक होते आणि ही सावधगिरी चरित्रात जाणवते. फ्रान्सेस येट्स (१८९९–१९८१) यांनी जोर्दानो ब्रूनो (१९६४) आणि स्मरणकला (१९६६) यांवरील ग्रंथांतून प्रबोधनकालीन जादू व गूढविद्येला इतिहासाच्या मुख्य प्रवाहात आणले. रूढ विद्यापीठीय पदव्यांच्या मार्गाने न आलेल्या या विदुषीला संस्थेने घर दिले, ही तिच्या मोकळेपणाची नोंद घेण्याजोगी बाब आहे.

भौतिक संस्कृतीच्या दृष्टीने मायकेल बॅक्सन्डॉल यांचे ‘पंधराव्या शतकातील इटलीमधील चित्रकला आणि अनुभव’ (१९७२) हे छोटे पुस्तक सर्वांत प्रभावी ठरले. त्याची सुरुवात चित्रांपासून न होता करारनाम्यांपासून होते. ग्राहक चित्रकाराला किती सोने आणि कोणत्या प्रतीची निळाई वापरावी हे लिहून देत असे. उत्तम निळाई पूर्वेकडून आयात होणाऱ्या लाजवर्द दगडापासून बनत असल्याने महाग होती. शतकाच्या ओघात करारांतील भर मौल्यवान द्रव्यांवरून चित्रकाराच्या कौशल्याकडे सरकला. बॅक्सन्डॉल यांनी पुढे दाखवले, की पिंपातील मालाचे घनफळ नजरेने काढण्यास शिकलेला व्यापारी चित्रातील तंबू किंवा मंडपाचा आकारही त्याच सवयीने पाहत असे. प्रत्येक काळाची पाहण्याची अशी घडवलेली सवय असते. तिला त्यांनी ‘काळाची नजर’ म्हटले.

संस्था १९९४ पासून लंडन विद्यापीठाच्या प्रगत अध्ययन विभागाचा भाग असून ती पदव्युत्तर व पीएच.डी. पातळीवरील शिक्षण देते.

२०१४ चा निर्णय

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून विद्यापीठाने आपल्या सर्व इमारतींच्या एकूण खर्चाचा हिस्सा जागेच्या प्रमाणात संस्थांकडून आकारण्यास आरंभ केला. खुल्या मांडण्यांच्या ग्रंथालयाला जागा जास्त लागते, हे उघड आहे. परिणामी पूर्वी शिल्लक दाखवणाऱ्या संस्थेच्या ताळेबंदात मोठी तूट दिसू लागली आणि संग्रह विद्यापीठाच्या अन्य ग्रंथालयांत मिसळला जाईल अशी भीती निर्माण झाली. विश्वस्तपत्राचा अर्थ ठरवून घेण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयात गेले. विद्वानांनी जगभरातून संस्थेच्या बाजूने आवाज उठवला.

६ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती प्राउडमन यांनी निकाल दिला. एकूण मालमत्ताखर्चाचा असा हिस्सा संस्थेवर लादणे विश्वस्तपत्राशी विसंगत असल्याचे त्यांनी ठरवले. १९४४ नंतर ग्रंथालयात आलेली भर स्वतःच्या मालकीची असल्याचा विद्यापीठाचा दावाही मान्य झाला नाही. हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता. जुनी पुस्तके एका मालकाची आणि त्यांच्या शेजारची नवी दुसऱ्याची ठरली असती, तर ‘चांगला शेजार’ कागदोपत्रीच मोडला असता. विद्यापीठाने आरंभी अपिलाचा मार्ग धरला, परंतु ऑगस्ट २०१५ मध्ये दोन्ही पक्षांत समझोता झाला आणि विद्यापीठाने इमारतीच्या नूतनीकरणासाठी मोठा निधी देण्याचे मान्य केले. हावर्थ टॉम्पकिन्स या वास्तुविशारदांच्या आराखड्यानुसार सुमारे १.४५ कोटी पौंडांचे काम होऊन २०२४ मध्ये इमारत पुन्हा खुली झाली. तिच्यात आता सर्वांसाठी प्रदर्शनदालनही आहे.

भारतीय विषय

संस्थेचा मुख्य भर भूमध्य प्रदेश आणि युरोप यांवरच राहिला, आणि या मर्यादेवर टीकाही झाली आहे. तरी द्रेष्काणांखेरीज अन्य काही वाटांनी भारत तिच्या अभ्यासात आला. १९४० मध्ये स्टेला क्रामरिश यांनी येथे भारतीय कलेच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले. विटकोवर यांनी १९४२ मधील ‘पूर्वेकडील अद्भुते’ या लेखात, भारतात कुत्र्याच्या मुखाची किंवा एकाच पायाची माणसे राहतात ही ग्रीकांची कल्पना युरोपच्या नकाशांत, चर्चच्या शिल्पांत आणि प्रवासवर्णनांत कशी हजार वर्षांहून अधिक टिकली हे दाखवले.

हाच धागा कलेतिहासकार पार्थ मित्तर यांनी गॉम्ब्रिख यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या संशोधनात पुढे नेला. त्यातून आलेल्या त्यांच्या १९७७ मधील ग्रंथात हिंदू देवतांच्या बहुभुज मूर्तींना युरोपीय प्रवाशांनी प्रथम राक्षस समजून कसे रंगवले, याचा इतिहास आहे. घारापुरी आणि वेरूळ येथील लेणी हा त्यातील महत्त्वाचा भाग. मुंबईजवळ असल्याने घारापुरीला पोर्तुगीज काळापासून युरोपीय येत राहिले आणि त्यांची वर्णने व रेखाटने मुबलक उपलब्ध आहेत. त्रिमुखी शिवमूर्तीसमोर उभे राहिलेल्या पाहुण्याला ओळखीच्या साच्याखेरीज दुसरे काही दिसणे किती अवघड होते, हे त्या रेखाटनांवरून समजते. येथे वारबुर्ग यांचा प्रश्न उलट दिशेने विचारलेला आहे: प्रतिमा स्थिर आहे, पाहणारा दूरचा प्रवास करून आला आहे.

हॅम्बुर्गमधील वास्तू

हॅम्बुर्गमधील हाइलविगस्ट्रासे ११६ येथील मूळ इमारत पुस्तके गेल्यानंतर अन्य कामांसाठी वापरली गेली. १९९३ मध्ये ती नगरराज्याने विकत घेतली आणि १९९५ पासून ‘वारबुर्ग हाउस’ या नावाने तेथे व्याख्याने व संशोधन चालते. लंबवर्तुळाकार वाचनालय पूर्ववत करण्यात आले आहे. मूळ संग्रह लंडनमध्येच आहे.